अठरा मैल उत्तरेला

जिवंतपणी ज्या माणसाला दात उपटायला लेक चार्ल्सला न्यायचं तर तीन माणसं आणि एक थाप लागायची, तो युलिस तेरियो मेल्यानंतर सोळा वर्षांनी, कुणालाही न विचारता, एका वादळात अठरा मैल उत्तरेला गेला.

अझेमाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. राग आला. अडतीस वर्षांच्या संसारात या बाबाने तिला कधी मोठ्या रस्त्यापलीकडे फिरायला नेलं नव्हतं, आणि आता निघाला तो एकटाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मंगळवारी सकाळी, ती त्याच्या थडग्यापुढे गुडघ्यांवर बसून चुना देत होती. सर्व संतांच्या दिवशी टेकाडावरच्या प्रत्येक घराने आपापल्या थडग्यांना चुना द्यायचा, ही आमच्याकडची रीत. थडग्यात कोणी आहे की नाही, याबद्दल रीत काही म्हणत नाही. रीटा वादळ येऊन गेल्याला पाच आठवडे झाले होते. सव्वीस थडग्यांपैकी अकरांची झाकणं उडून आतली मंडळी बाहेर पडली होती. युलिसच्या थडग्यात फूटभर खारं पाणी होतं आणि एक खेकडा, जो स्वतःला वारस समजत होता.

ज्याला आम्ही टेकाड म्हणतो त्याची उंची पाच फूट. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला दलदल, मधोमध ओकच्या झाडांची रांग आणि त्या रांगेवर आम्ही, आमची गुरं आणि आमचा अभिमान. अभिमानाची उंची पुष्कळ आहे, पण पुराच्या नकाशात ती धरत नाहीत.

"आई, आत कुणी नाहीये," व्हर्ना मागून म्हणाली. तिच्या एका हातात घडीच्या खुर्च्या होत्या, दुसऱ्या हातात भात भरलेल्या सॉसेजचा डबा. "रिकाम्याला कशाला रंगवतेस?"

"पाहुणा यायच्या आधी घर आवरतात, व्हर्ना. पाहुणा दारात आल्यावर आवरायची पद्धत तुझ्याकडे आहे. पाच आठवडे बघतेय."

व्हर्नाने डोळे मिटले आणि मनात दहापर्यंत आकडे म्हटले. गेल्या पाच आठवड्यांत हे तिचं मुख्य काम झालं होतं.

"बाबा सापडलाय ना?" अझेमा ब्रश न थांबवता म्हणाली. "मग तो येणार. आला की झोपणार. झोपायची जागा स्वच्छ नको?"

बाबा सापडला होता हे खरं. त्याचं श्रेय त्याच्याच हट्टाला. सत्तावन साली ऑड्रीच्या वादळात टेकाडावरच्या पेट्या फुटून त्यांच्या फळ्याफळ्या झालेल्या युलिसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आपलं असं होऊ द्यायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं. मरणाच्या दोन वर्षं आधी त्याने होड्या बांधणाऱ्या एका कारागिराकडून सायप्रसच्या लाकडाची पेटी करून घेतली. सांधे सुताने आणि डांबराने असे भरून घेतले की थेंब आत शिरू नये. ज्या वस्तूत थेंब शिरत नाही ती बुडत नाही, हे जन्म होडीत काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. रीटाचं पाणी चढलं तेव्हा बाकीच्या दहा पेट्या अर्ध्या मैलाच्या आत चिखलात रुतल्या. युलिस मात्र शिडाशिवाय, वल्ह्याशिवाय, थेट उत्तरेकडच्या कुरणापर्यंत गेला.

आणि झाकणावर डाग होता. तेरियोंच्या गुरांच्या पुठ्ठ्यावर असतो तोच, टी अक्षराखाली गळ. तापलेल्या लोखंडाने तो युलिसने स्वतः पेटीवर उठवला होता, "म्हणजे मी चुकलो तर कुणीतरी आणून बांधेल." दलदलीत हा कायदा बायबलच्या खालोखाल चालतो. वादळानंतर भटकलेलं जनावर ज्याच्या कुरणात सापडेल त्याने डाग बघायचा आणि मालकाला फोन करायचा. त्या कुरणाच्या म्हाताऱ्या मालकाने तसंच केलं. "तुमचं एक जनावर माझ्याकडे आलंय," तो फोनवर म्हणाला. "शांत आहे. काही खात नाही."

हा फोन व्हिटनीला गेला, कारण डागाच्या नोंदीत थोरल्या मुलाचं नाव होतं. आजचं सगळं तिथूनच सुरू झालं.

*

जेवायला ते घरात बसले. घर म्हणजे सिमेंटची फरशी. भिंती, छप्पर, चूल आणि व्हर्नाच्या लग्नाचा फोटो हे सगळं तीन मैलांवर एका कालव्यात होतं. फरशीच्या एका कडेला सरकारने दिलेली चाकांवरची पांढरी खोली उभी होती. तीत धाकटा नोलन राहायचा. पण खुर्च्या मांडताना प्रत्येकाने आपापली जुनी जागा अचूक शोधली. अझेमा चुलीच्या बाजूला, व्हिटनी दाराशी, नोलन खिडकीखाली. व्हर्नाच्या नवऱ्याला, लेलंडला, या घरात कधीच ठरलेली जागा नव्हती. तो जिथे बसला तिथे पूर्वी न्हाणीघर होतं. कुणी त्याला सांगितलं नाही.

व्हिटनीने मांडीवरची फाइल उघडली. त्रेपन्न वर्षांचा, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. वाईट बातमी तो कागदावरून वाचून दाखवायचा, म्हणजे ती कागदाची वाटते.

"आई, मी सही केलीय."

"कसली?"

"बाबांना ताब्यात घेण्याची. फॉर्ममध्ये दफनाची जागा विचारतात. मी लेक चार्ल्स लिहिलं. गुरुवारी दहा वाजता. जागा चांगली आहे, उंचावर, चौदा फूट. फादरशी बोललोय."

अझेमाने चमचा खाली ठेवला. "कुणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस."

"म्हणून नाही विचारलं."

"शाळेत पोरं असं बोलली तर काय करायचास?"

"ऑफिसात बसवायचो."

"अरे, पण हे काय आहे?" नोलन खुर्चीतून उठला. तो उठला की बोलणं आपोआप मोठं व्हायचं. त्रेचाळीस वर्षांत ही सवय गेली नव्हती. "बाबा इथले, आजोबा इथले, आणि तू त्यांना नेऊन ठेवणार गवत कापायच्या यंत्रांच्या मध्ये? लेक चार्ल्सला? जिवंत असताना ते तिथे दोनदा गेले, दोन्ही वेळा दात काढायला!"

"नोलन, खाली बस."

"नाही बसत. तेरियो टेकाड सोडत नाहीत. ऑड्रीत सोडलं नाही, रीटात सोडणार नाही."

"रीटात सगळे सोडून गेलो होतो," लेलंडने नोंदवलं. तो विमा कंपनीत होता. चुकीचं विधान कानावर आलं की त्याला खाज सुटल्यासारखं व्हायचं. "आणि ऑड्रीच्या वेळी तू जन्मलाच नव्हतास."

"लेलंड, तू टेक्सासचा आहेस."

"त्याचा काय संबंध?"

"संबंध नसेल तर गप्प बस."

"मी फक्त वस्तुस्थिती सांगतोय. मिस अझेमा, राग नका मानू. पण नवा नियम असा आहे की इथे घर बांधायचं तर तेरा फुटी खांबांवर. तेरा फूट म्हणजे वीस पायऱ्या. तुमचं वय एकाहत्तर."

"सत्तावन साली मी त्या ओकवर चढले, लेलंड," अझेमा म्हणाली. "त्याला एकही पायरी नव्हती."

लेलंडने सॉसेज तोंडात घातलं.

*

व्हर्ना या बैठकीला व्हिटनीच्या बाजूने आली होती. फोनवर तसं ठरलं होतं: बाबांना लेक चार्ल्सला ठेवायचं, म्हणजे आईला टेकाडावर जायला कारण उरणार नाही आणि आई व्हर्नाच्या शिवणाच्या खोलीत राहील. योजना नीट होती. अडचण एवढीच, की योजनेत आई होती.

पाच आठवडे आई तिच्या स्वयंपाकघरात होती. मिठाचा डबा, जो वीस वर्षं चुलीच्या उजवीकडे असायचा, तो डावीकडे गेला होता. मग कॉफीची भांडी, मग पडदे. मागच्या शनिवारी व्हर्नाला स्वतःच्या घरात चाळणी सापडली नाही आणि ती गाडीत बसून रडली. आईवर तिचं प्रेम होतं, त्यात शंका नव्हती. ते चाळीस मैलांवरून फार चांगलं जमायचं.

तरीसुद्धा तिने ठरल्याप्रमाणे बोलायला सुरुवात केली. "आई, तू इथे एकटी कशी राहशील? दवाखाना नाही, दुकान नाही, चर्चला छप्पर नाही."

"एकटी कशी? नोलन आहे की."

नोलन अजून उभाच होता. पण आता तो खिडकी जिथे होती तिकडे तोंड करून उभा राहिला, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"नोलन?" व्हर्ना म्हणाली.

"मी सांगणारच होतो."

"काय?"

"पोर्ट आर्थरला काम मिळालंय. तेलशुद्धीच्या कारखान्यात. पुढच्या सोमवारपासून." तो भराभर बोलला, वाक्यांना धाप लागल्यासारखा. "कुरणात खारं पाणी बसलंय, दोन वर्षं गवत उगवणार नाही. राहिलेल्या गाई मी विकल्या. बायको इथे परत यायला तयार नाही. काय करू मी? सांगा ना, काय करू?"

आखाताकडून वारा आला आणि लेलंडची कागदी ताटली उडून माजी बैठकीच्या खोलीत गेली.

"तेरियो टेकाड सोडत नाहीत," व्हिटनी सावकाश म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे ते वाक्य जास्त लागलं.

"मी बाबांबद्दल बोलत होतो!"

"म्हणजे मेलेल्यांनी सोडायचं नाही. जिवंतांनी सोमवारी निघायचं."

"वाह!" व्हर्ना उसळली, आणि उसळताना आपण कोणत्या बाजूने उसळतोय हे तिला माहीत नव्हतं. "म्हणजे एवढा वेळ आरडाओरडा केलास तो कशासाठी? आईला वाटत होतं तू आहेस! पाच आठवडे ती माझ्या टेबलावर बसून सांगतेय, नोलन आहे, नोलन गाई सांभाळतोय, नोलन बघेल. आणि तू गाई विकून बसलास?"

"तुला काय त्याचं? तुला तर ती तुझ्याकडेच हवी होती ना?"

"मला ती हवी आहे. पण तिला यायचं नसेल तर मला ती नकोय!"

हे वाक्य बाहेर पडल्यावर व्हर्नाच्या लक्षात आलं की ती व्हिटनीची बाजू सोडून आली आहे. परत कसं जायचं ते तिला सुचेना, म्हणून ती तिथेच थांबली.

अझेमाने नोलनकडे बघून मान हलवली. "पोर्ट आर्थर लांब नाही," ती म्हणाली. "बस. जेवण संपव. उपाशीपोटी निघालेला माणूस टेक्सासात शोभत नाही."

नोलन बसला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता आणि त्याने सॉसेजचे चार तुकडे एकामागोमाग खाल्ले.

मग ती व्हिटनीकडे वळली. "कचेरी किती वाजेपर्यंत उघडी असते?"

"कुठली?"

"तू सही केलीस ती."

"चारपर्यंत. आई, सही मीच बदलू शकतो. आणि मी बदलणार नाही."

*

व्हिटनीला माहीत होतं की भावंडांना तो भित्रा वाटतो. ते खरं होतं, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. या टेकाडावर शूर व्हायचं तर ऑड्रीनंतर जन्मावं लागतं. व्हर्ना वर्षभराने जन्मली, नोलन पाच वर्षांनी. तो मात्र त्या वेळी पाच वर्षांचा होता.

त्याला आदली संध्याकाळ आठवत होती. दलदलीतले नांग्यांचे झिंगे हजारोंनी बाहेर पडून रस्ता ओलांडत होते. टेकाडावरची सगळी माणसं टोपल्या, बादल्या, अंघोळीचे टब घेऊन धावली. झिंगे स्वतःहून दारात आले, असा दिवस कुणी पाहिला नव्हता. ते कशापासून पळताहेत हे कुणी विचारलं नाही. वादळ यायला उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, असं सगळे म्हणत होते. बाबांनी दोन टब भरले, मोठ्या पातेल्यात मसाला घालून उकडले, शेजारी आले, पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि सगळे झोपले. पहाटे पाणी गादीपर्यंत होतं.

पुढचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बाबा त्याला पाठीवर बांधून ओकवर चढले. आई वरच्या फांदीवर होती. तिच्या एका हातात फांदी होती आणि दुसऱ्या हातात त्याची बहीण लोरेना, तीन वर्षांची. मग एक लाट आली. लाट गेल्यावर आईचे दोन्ही हात फांदीवर होते.

एवढंच. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं त्या घरात लोरेनाबद्दल सगळं बोलणं झालं, तिचा वाढदिवस, तिचे केस, तिचं अडखळत बोलणं. तेवढी एक गोष्ट सोडून.

"तुला वाटतं मी बाबांना तुझ्यापासून तोडतोय," तो म्हणाला. फाइल त्याने मिटली होती. "लेक चार्ल्सला ती सामाईक कबर आहे ना. ऑड्रीतली, नाव न लागलेल्यांची. मी जी जागा घेतलीय ती तिच्यापासून चाळीस पावलांवर आहे. मी मोजलीय. मला वाटलं..." त्याने फाइल मांडीवरून खाली ठेवली. "मला वाटलं, ती तिथे असेल. एकटी. बाबा जवळ आले तर बरं."

व्हर्नाने तोंडावर हात ठेवला. ही गोष्ट फोनवर ठरलेल्यात नव्हती.

अझेमाने आपल्या हातांकडे बघितलं. नखांत चुना वाळला होता.

"ती तिथे नाही," ती म्हणाली.

"आई, ते कुणालाच माहीत नाही."

"मला आहे. तुला तुझ्या आत्याकडे ठेवून मी गेले होते. बर्फाच्या वखारीत ठेवलं होतं सगळ्यांना, ओळीने. तुझे बाबा दारातून परत फिरले. त्यांना जमलं नाही. मी आत गेले. तीन दिवस जात होते. लहान मुली जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या पाहिल्या, एकेक. चेहरे नव्हते बऱ्याच जणींना. मी पाय बघितले." ती थांबली. "लोरेनाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. डाव्या पायाची. ती तिथे नव्हती, व्हिटनी. नाव न लावता ज्यांना पुरलं त्यांना पुरायच्या आधी मी बघितलंय. माझी पोरगी या दलदलीत आहे."

तिने उत्तरेकडे बोट दाखवलं. तिकडे फक्त पिवळं गवत होतं आणि त्यात कुणाचा तरी फ्रीज.

"लोक म्हणतात, अझेमाला वादळाची भीती नाही, म्हणून ती इथे राहते. मला भीती वाटते. रेडिओवर वादळाचं नाव आलं की मी रात्री दिवा विझवत नाही. पण मी तिचा हात सोडला. तू बघितलंस ना?"

व्हिटनीने मान हलवली.

"मला माहीत होतं तू बघितलंस. मी तेव्हा सोडला. आता पुन्हा सोडणार नाही. एवढंच आहे. बाकी टेकाड, तेरियो, अभिमान, ते सगळं तुझ्या बाबांचं. मला त्याच्यातलं काही नको."

"तू सोडला नाहीस," व्हिटनी म्हणाला. त्याचा आवाज मुख्याध्यापकाचा राहिला नव्हता. "लाट फांदीच्या वरून गेली, आई. मी खालून बघत होतो. तू दिसतच नव्हतीस. कुणाचाच हात राहिला नसता."

अझेमा त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो एखादा लांबचा नातेवाईक होता आणि त्याचा चेहरा कुणासारखा आहे ते तिला आठवत होतं. मग तिने बाहीनेच नाक पुसलं आणि विचारलं, "किती वाजले?"

"अडीच," लेलंड म्हणाला.

"सही बदलतोस?"

"बाबांची बदलतो," व्हिटनी म्हणाला. "तू इथे राहण्याचं मात्र मी कबूल करत नाहीये. घर कुठे आहे? तेरा फुटांचे खांब कोण उभे करणार?"

"घराचं मी कुठे विचारलं? नोलन सोमवारी जातोय. त्याची चाकांची खोली रिकामी होतेय."

"ती सरकारची आहे, आई!"

"मीही सरकारचीच आहे. मत देते."

सगळ्यांनी लेलंडकडे बघितलं. आधार हवा असताना या घराण्याने लेलंडकडे बघण्याची ही पहिलीच वेळ होती. तो गोंधळला. मग त्याच्या कपाळावर एक आठी आली; नियमांच्या पुस्तकाचं पान मनात उलटताना यायची तशी.

"खरं म्हणजे..." तो म्हणाला.

"लेलंड," व्हिटनीने बजावलं.

"नाही, खरं म्हणजे, तेरा फुटांचा नियम घराला आहे. ज्याला चाकं आहेत आणि जे गाडीला जोडून ओढून नेता येतं ते घर नव्हे, वाहन. वाहनाला खांब लागत नाहीत. फक्त चाकांत हवा असली पाहिजे." त्याने सभोवार बघितलं. "आणि ते वाहन आहे, याचा अर्थ ते न्यावंही लागेल. मिस अझेमा, वादळाला नाव पडलं की त्याच तासाला ते जोडायचं आणि निघायचं. ही माझी अट आहे. विम्याची नव्हे. माझी."

"त्याच तासाला," अझेमा म्हणाली.

"'कॉफी पिऊन निघू' नाही."

"कॉफी गाडीत घेईन."

"आणि ओढायला कोण येणार?" व्हर्नाने विचारलं. "नोलन तर टेक्सासात."

"मी येईन," लेलंड म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला. "माझ्या गाडीला हूक आहे."

"तू बस, लेलंड," नोलन भरल्या तोंडाने म्हणाला. "म्हणजे, तू तिथे नको बसू. तिथे न्हाणीघर होतं. इकडे सरक."

*

कचेरी म्हणजे सापडलेल्या पेट्या ठेवायला जिल्ह्याने उभारलेला तंबू. तो पस्तीस मिनिटांवर होता. नोलनच्या मोठ्या गाडीमागे गुरांचा पिंजरा जोडून ते निघाले, कारण शववाहिनी मागवायला वेळ नव्हता. पिंजरा व्हर्नाने आतून धुतला. अझेमाने पुन्हा धुतला.

टेबलामागे जिल्ह्याची कारकून ओलेता बसली होती. तिचंही घर गेलं होतं. तरी ती रोज आठला येऊन लोकांच्या मेलेल्यांची यादी करायची. गेल्या पाच आठवड्यांत तिने रडणाऱ्यांसाठी रुमाल, भांडणाऱ्यांसाठी खुर्च्या आणि सगळ्यांसाठी फॉर्म ठेवायला शिकून घेतलं होतं.

"मिस अझेमा, तुम्ही गुरुवारी येणार होतात."

"विचार बदलला."

"कुणाचा?"

"याचा." अझेमाने व्हिटनीला पुढे ढकललं.

व्हिटनीने 'लेक चार्ल्स' खोडलं आणि वर टेकाडाचं नाव लिहिलं. शाळेच्या मुख्याध्यापकाचं अक्षर, पण दोनदा गिरवावं लागलं. ओलेताने पुढचे रकाने वाचले. नवं झाकण बसवणार का? बसवणार. झाकणाला पोलादी पट्ट्या आणि बोल्ट? नोलन म्हणाला, उद्या सकाळी तोच ठोकेल, सोमवारच्या आत. थडगं स्वच्छ आहे का?

"सकाळीच चुना दिलाय," व्हर्ना म्हणाली.

"शेवटचा प्रश्न. हा नवीन आहे, आता सगळ्यांनाच विचारतो." ओलेताने चष्मा सारखा केला आणि कागदावरचं जसंच्या तसं वाचलं. "पेटी पुन्हा जागेवरून हलल्यास कुणाला कळवायचं?"

"मला," अझेमा म्हणाली.

ओलेताने पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. "मिस अझेमा, हा कागद पन्नास वर्षं ठेवायचा आहे."

तंबूत पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी गाडी चिखलात रुतली होती आणि तिची चाकं नुसतीच फिरत होती.

व्हिटनीने हात पुढे केला, पेन घेतलं आणि त्या ओळीत आपलं नाव आणि नंबर लिहिला. पेन परत देणार तोच व्हर्नाने ते घेतलं आणि खाली मोकळी जागा नव्हती तिथे आपलं नाव लिहिलं. नोलनने समासात लिहिलं, उभं, पोर्ट आर्थरच्या पत्त्यासकट. लेलंडने सगळ्यांची अक्षरं तपासली आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, आपलं नाव आणि कचेरीचा नंबर टाकला.

"एकच ओळ होती," ओलेता म्हणाली.

"मग पान मोठं छापा," नोलन म्हणाला.

अझेमाने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. चारही नावं तिने ओठ हलवत वाचली. त्यांतली तीन तिने मुलांना शाळेत घालताना अशीच फॉर्मवर वाचली होती. मग कागद खाली ठेवला.

"शोधायला निघाल तेव्हा दोन पेट्या शोधा," ती म्हणाली. "तोवर मी त्याच्या शेजारी असेन. आणि वाटेत तिचं काही सापडलं, एवढंसं जरी, तर तेही घेऊन या."

व्हिटनीने पेन पुन्हा उचललं, ओळीतला 'पेटी' हा शब्द खोडला आणि वर 'पेट्या' लिहिलं. एक क्षण थांबून शेवटी 'तीन' हा आकडा घातला.

ओलेताने ते वाचलं आणि शिक्का मारला. चारला दहा मिनिटं कमी होती.

पेटी तंबूच्या मागच्या बाजूला, लाकडी ठोकळ्यांवर होती. तिला सहा कड्या होत्या. माणसं पाच. ओलेताने टेबलावर 'बंद' अशी पाटी ठेवली, बाह्या वर केल्या आणि येऊन मागची कडी धरली.

"आई, तू नको," व्हर्ना म्हणाली. "जड आहे."

"तू तुझी कडी धर," अझेमा म्हणाली, आणि पुढे जाऊन डाव्या हाताची पकड घट्ट केली. "व्हिटनी, तीन म्हण. म्हटल्याशिवाय कुणी उचलायचं नाही. आणि उचललं की कुणी सोडायचं नाही."